गाडीवर जाऊ दे

"आई, बेल्ट लाव," मी म्हणाले आणि गाडीचं बटण दाबलं. स्क्रीन उजळली. अठरा टक्के.

मी डोळे बारीक करून पुन्हा बघितलं. रात्री जेवणं झाल्यावर मी स्वतः चार्जिंगची वायर लावली होती. सकाळी डबा, आईची पिशवी, रिपोर्टची फाईल या गडबडीत वायर काढून डिकीत टाकली, आणि चार्जरवरचा दिवा लागलाय की नाही हे बघितलंच नाही.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"चार्जच झाली नाही."

"लाइट गेली आसंल रातीची," आई म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघायला लागली.

एप्रिल महिना होता, सोमवार होता. सोमवारी आणि गुरुवारी आईचं नगरला डायलिसिस असायचं. आम्ही आष्टीला राहतो. आष्टीहून नगर म्हणजे दीड तासाचा रस्ता. दहा वाजता तिची खाट तयार असायची. तासभर उशीर झाला तर दुसरा पेशंट लावायचे, मग दिवसभर बाकावर बसून राहायचं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. लग्न झालं होतं, पण तिकडे जमलं नाही, परत आले. वडील गेल्यावर आई माझ्याकडे आणि मी आईकडे असं आमचं चाललेलं. माझा मोठा भाऊ, भागवतदादा, पुण्यात एका कारखान्यात सुपरवायझर आहे. आईच्या दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं तेव्हा तोच सगळं सोडून धावत आला होता. पहिले काही महिने आम्ही एसटीनं गेलो. जाताना ठीक असायचं. येताना आईला उभं राहवायचं नाही, आणि एसटीत जागा मिळेलच असं नाही. मग भाड्याची जीप लावली. तो जीपवाला लग्नसराईत फोनच उचलायचा नाही.

म्हणून मी गाडी घेतली, आणि तीही इलेक्ट्रिक. त्याचं खरं कारण मी शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं. मला क्लच जमत नव्हता. मोटार ट्रेनिंगला दोनदा नाव घातलं, दोन्ही वेळा चढावर गाडी मागे गेली आणि मी रडून घरी आले. या गाडीला क्लच नाही, गिअर नाही. शोरूममधल्या मुलानं एक चक्कर मारायला दिली आणि मला एकदम वाटलं, अरे, हे मला येतंय.

दादाला सांगितलं तर तो फोनवरच भडकला.

"वैजू, डोकं फिरलंय का तुझं? तिकडं दिवसाआड लाइट जाते."

"घरचं चार्जिंग पुरतं, दादा. जाऊन येऊन होतं."

"कंपनी सांगते तेवढं गाडी कधीच जात नाही. एसी लाव, चढ लागू दे, मग बघ. आणि बॅटरी गेली की गाडी भंगारात. पुण्यामुंबईच्या लोकांचे शौक आहेत ते. आपल्यासारख्यानं साधी पेट्रोलची घ्यावी, रस्त्यात बंद पडली तरी कुठलाही मेस्त्री चालू करून देतो."

मी त्याचं ऐकलं नाही. आणि खरं सांगायचं तर वर्षभर मला पश्चात्ताप झाला नाही. येताना आई सीट मागे टाकून गाढ झोपायची. आवाज नाही, हादरे नाहीत. वाटेतल्या कडा गावाच्या पुढं आलं की मी एसी थोडा वाढवायचे, तिच्या अंगावर शाल टाकायचे. ते दीड तास माझ्या आठवड्यातले सगळ्यात शांत तास असायचे.

अठरा टक्क्यांत नगर शक्य नव्हतं. पण नगरच्या अलीकडे हायवेला एक धाबा होता, तिथं मोठं चार्जिंगचं मशीन होतं. महिन्याभरापूर्वी अशीच एकदा रात्री चार्ज झाली नव्हती, तेव्हा तिथं थांबून पुढं गेलो होतो. थोडा उशीर झाला होता, पण डायलिसिस झालं होतं.

"धाब्यापर्यंत जाईल," मी म्हणाले. "एसी लावत नाही. काचा उघड."

"नसंल जात तर राहू दे की आज."

"राहू कसं देऊ?"

तिनं काच खाली केली.

मी सावकाश चालवत गेले. मागून ट्रक हॉर्न मारून पुढं जात होते. टक्के उतरत होते तशी मी पुन्हा पुन्हा स्क्रीनकडे बघत होते. आईला मात्र काही घाई नव्हती. ती रस्त्याकडेची कलिंगडं बघत होती. डायलिसिसच्या पेशंटला पाणी मोजून असतं, लघवी होत नाही, प्यालेलं सगळं अंगात साठतं. कलिंगड तर नाहीच नाही. उन्हाळ्यात तिचे हाल व्हायचे. बर्फाचा खडा तोंडात धरून बसायची आणि तो विरघळू नये म्हणून बोलायचीसुद्धा नाही.

धाबा दिसला तेव्हा चार टक्के उरले होते. मी मशीनपाशी गाडी लावली, मशीनची वायर ओढली, मोबाईलवर ॲप उघडलं. मशीनचा पडदा काळा होता. मी दोन थपडा मारल्या.

"बंद आहे ओ ते, ताई!" गल्ल्यावरून मालकानं हाक दिली. दहातोंडे नाव त्यांचं, धाब्याच्या पाटीवरच होतं. "परवापासून बंद आहे. कंपनीला फोन केलाय, येतो म्हणतात."

"ॲपवर तर चालू दाखवतंय."

"ॲपला काय माहीत इथलं?"

आसपास दुसरं मशीन नगरातच होतं. मी दहातोंडेंना आईचं सांगितलं. माणूस बरा होता. त्यांनी भटारखान्यातून मिक्सरची लाइन काढून एक लांब वायर बाहेर दिली. "हळू होईल," म्हणाले, "पण होईल."

झाडाखाली बाज होती, तिच्यावर आईला बसवलं. दादाला फोन लावला.

"मी काय सांगितलं होतं तुला?" तो पहिलं तेच म्हणाला. मग त्याचा आवाज खाली आला. "एसटी येत असंल ना त्या रस्त्यानं? हात कर. गाडी तिथंच राहू दे. आईला घेऊन जा."

ते बरोबर होतं. घाबरल्यामुळे मला ते सुचलंच नव्हतं. मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले. थोड्या वेळानं नगरची एसटी आली. मी दोन्ही हात हलवले. ड्रायव्हरनं थांबवली.

"आई, चल! पेशंट आहे सांगते, जागा देतील."

आई बाजेवरून हलली नाही.

"आई, ऊठ ना."

"मला नाही चढवत एसटीत."

"मी धरते. कंडक्टर पण धरील."

"नगं म्हनलं ना."

कंडक्टरनं दारातून विचारलं, "येताय का ताई?" मी आईच्या दंडाला धरून उठवायला गेले. ज्या हातात सुया टोचायच्या तो हात तिनं पोटाशी घट्ट धरला आणि बाजेची दोरी दुसऱ्या हातानं पकडली. इतकी ताकद तिच्यात असेल असं मला वाटलं नव्हतं. शेवटी एसटी निघून गेली.

मी चिडले. "तुला कळतंय का आज सोमवार आहे? गुरुवारपासून पाणी साठलंय अंगात. पाय बघ कसे झालेत!"

"कळतंय मला."

तेवढ्यात धाब्यावरच्या बाईनं स्टीलच्या जगात पाणी आणून ठेवलं. आईनं जग उचलला आणि तोंडाला लावला. वरून ओतून नाही, थेट तोंडाला. मी बघत राहिले. घोट घोट नाही, घटाघटा पीत होती, गळा वरखाली होत होता, पाणी हनुवटीवरून लुगड्यावर सांडत होतं.

मी जग ओढून घेतला तेव्हा तो निम्मा झाला होता.

"मरायचंय का तुला?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "बस हितं."

मी बसले.

"घरी गेल्यावर वायरमनला बोलवू नको. वायर चांगली हाय."

"मग चार्ज का नाही झाली?"

"बटन मी बंद केलं. तू झोपल्यावर."

मला वाटलं तिला म्हणायचंय की चुकून, दिवे बंद करता करता. तसं मी बोललेही.

"चुकून न्हाई. मागल्या खेपेला पन मीच केलतं. तवा ह्ये मशीन निघालं चालू."

बोलताना तिच्या आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. गहू दळून आणलेत असं सांगावं तसं ती सांगत होती.

"आई, का पण?"

"कंटाळा आला."

"कशाचा? माझा?"

"तुझा कामून येईल? त्या सुयांचा. त्या खाटंचा. घरी आलं की दोन रोज निसतं पडायचं, जरा बरं वाटाया लागलं की पुन्हा चल नगरला. आन तहान, वैजू. माय, तहान. झोपंत पन मला हिरीच दिसत्यात."

मी डॉक्टरांचं सांगू लागले. दोन वर्षं काढलीस, अजून पाचसहा निघतील, डॉक्टर म्हणाले होते. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"पाच-सा वर्सं आसंच?" तिनं विचारलं.

मी हातातला जग खाली ठेवला.

"मग सांगायचं होतं आम्हाला सरळ," मी म्हणाले. "हे बटण बंद करणं वगैरे काय?"

"सांगितलं नव्हतं का?"

सांगितलं होतं. पहिल्याच वर्षी दिवाळीनंतर ती एकदा अडून बसली होती, मी येत नाही म्हणून. दादा रातोरात पुण्याहून आला, तिला लहान मुलासारखं उचललं आणि गाडीत घातलं. रस्ताभर ती हंबरडा फोडत होती आणि दादाही रडत होता. "तू गेलीस तर मी कुणाला आई म्हणू?" असं तो म्हणत होता.

"भागवताला ह्ये सांगायचं न्हाई," आई म्हणाली. "त्याला वाटंल आईनं मुद्दाम जीव दिला. ल्योक आसून आईला जगावंसं वाटलं न्हाई, आसं घेईल मनाला. त्यो लई हळवा हाय. जन्मभर खात राहील सोताला."

"मग काय सांगू त्याला?"

"गाडी बंद पडली म्हनून सांग. सगळं गाडीवर जाऊ दे. गाडीला काय, तिला कुठं जीव हाय?"

"आई, गाडी मी घेतलीय."

हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं. बराच वेळ ती माझ्या हाताच्या बोटांशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "तू घट मनाची हायेस."

पुढचे काही तास आम्ही त्या झाडाखाली काढले. तिनं दहातोंडेंकडून पिठलं-भाकरी मागवली, वर मिठाचा खडा घेतला, लोणचं घेतलं, जे काही दोन वर्षं बंद होतं ते सगळं. मी तिला एकदा म्हटलं, आपण अजूनही जाऊ शकतो, दुपारच्या पाळीत विचारते. हॉस्पिटलला फोनही लावला. सिस्टर म्हणाली, "उद्या सकाळी सातला आणा, सगळ्यात आधी घेते. आणि पाणी अजिबात देऊ नका." मी बरं म्हणाले. आई भाकरीचा तुकडा चावत माझ्याकडे बघत होती.

ऊन उतरायला लागलं तेव्हा गाडीत तीस टक्के झाले. दहातोंडेंनी वायर गुंडाळली. लाइटचे म्हणून काही घ्यायला ते तयार नव्हते. म्हणाले, "आजीला सांभाळा."

मी गाडी हायवेच्या तोंडाशी आणली. एका हाताला नगर, दुसऱ्या हाताला आष्टी. नगर तर जवळ होतं. तीस टक्क्यांत सहज गेले असते, तिथं चार्जिंग होतं, हॉस्पिटलमध्ये रात्रभर बसायला बाकडं होतं. मला दादा आठवला, आईला उचलून नेणारा. मीही नेऊ शकले असते. ती बेल्ट लावून बसलेली होती, दारं लॉक होती, ती काय करणार होती? तिलाही ते कळत होतं. ती नुसती समोर बघत राहिली. मागून एका टेम्पोनं हॉर्न मारला.

मी गाडी आष्टीकडे वळवली.

कडा गाव मागे पडलं. मग तिनं सीट मागे टाकली आणि झोपली. डायलिसिस न होताही झोपली.

रात्री दादाचा फोन आला. मी सांगितलं, एसटी थांबलीच नाही, चार्जिंग व्हायलाच संध्याकाळ झाली, परत आलो. तो ओरडला. मी ओरडू दिलं. "उद्या जीप कर," तो म्हणाला. मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, जीप मिळाली नाही. हे खोटं होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी आईला दम लागायला लागला. बसूनच श्वास घ्यायची, आडवी होऊ शकत नव्हती. तरी पाणी मागायची आणि मी द्यायचे. तांब्याभर. प्रत्येक वेळी देताना मी तांब्या मध्येच धरून ठेवायचे, आणि ती माझ्या मनगटाला धरून तो तोंडाशी न्यायची.

एकदा तिला विचारलं, "भीती वाटतेय का?"

"वाटती की," ती म्हणाली. "पन तहान न्हाई."

संध्याकाळी दादा दारात उभा राहिला. मला न सांगता निघाला होता. आईची अवस्था बघून त्यानं तिला उचललं आणि आपल्या पेट्रोलच्या गाडीत घातलं. मी मागे बसून तिचं डोकं धरलं. नगरला पोचायच्या आधी तिचे डोळे फिरले होते. त्यांनी मशीन लावलं, नळ्या घातल्या. ती शुद्धीवर आलीच नाही. गुरुवारी, एरवी तिची खाट तयार असायची त्याच सुमाराला, ती गेली.

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर, आल्यागेल्या माणसांसमोर दादानं मला विचारलं, "मिळालं समाधान?"

मी आईची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"एका खेळण्यासाठी आई घालवलीस. साधी पेट्रोलची घेतली असतीस तर आज ती जिवंत असती. बोल ना! असती की नसती?"

मागाहून पुण्याहून आलेली वहिनी त्याला ओढत होती. तो हमसून हमसून रडत होता. त्या क्षणी मी बोलले असते तर त्याचं रडणं थांबलं असतं आणि दुसरं काहीतरी सुरू झालं असतं, जे कधीच थांबलं नसतं. मी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "असती."

दहाव्याला तो माझ्याशी बोलला नाही. तेराव्यानंतर पुण्याला गेला तो गेलाच. राखीला मी दोन वर्षं पोस्टानं राखी पाठवली. दुसऱ्या वर्षीची परत आली, मग पाठवायचं बंद केलं.

आष्टीत गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. कुणी इलेक्ट्रिक गाडीचं नाव काढलं की लोक सांगायचे, आधी गर्जे बाईंना, म्हणजे मला, विचारा. शाळेत एक सर घ्यायच्या विचारात होते, त्यांच्या बायकोनं माझं नाव घेऊन मोडता घातला. मी गाडी विकायला काढली तेव्हा गावात गिऱ्हाईक मिळेना. शेवटी नगरच्या एका माणसानं नेली. चालवून बघितली आणि म्हणाला, गाडीला तर काही झालेलं नाही, विकताय कशाला? मी म्हणाले, आता लागत नाही. ती खरंच चांगली गाडी होती. तिनं मला एकदाही दगा दिला नव्हता. त्यानंतर मी कुठलीच गाडी चालवली नाही. एसटीनं जाते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात रविवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"आत्या, मी श्रेयस."

दादाचा मुलगा. आवाज ओळखू येईना. आई गेली तेव्हा तो शाळेत होता, आता नोकरीला लागलाय म्हणाला. मला इतका आनंद झाला की मी उभी होते ती खाली बसले. जेवलास का, वहिनी कशी आहे, दादाची शुगर कशी आहे, एका दमात सगळं विचारलं. त्यानं सगळ्याची नीट उत्तरं दिली. मग म्हणाला, "आत्या, एक विचारायचं होतं. मी गाडी घेतोय पहिली. इलेक्ट्रिक घ्यावी असं मला वाटतंय. रोजचं जाणंयेणं आहे, परवडेल. आता चार्जिंग पण सगळीकडे झालंय. पण बाबा म्हणतात, घरात इलेक्ट्रिक गाडी आली तर मी घर सोडून जाईन."

"हं."

"म्हटलं, तुलाच विचारावं. तू वापरलीयस ना. खरं काय ते सांग. गाडी वाईट होती का?"

मी खिडकीबाहेर बघत होते. रस्त्यावरून दोन पोरी सायकलवर डबलसीट चालल्या होत्या.

"आत्या? आहेस ना?"

"आहे."

"आजी खरंच त्या गाडीमुळेच गेली?"

मला वाटलं, सांगावं. तो मोठा झालाय, समजूतदार वाटतोय. मनातल्या मनात पहिलं वाक्य मी जुळवलंही. तेवढ्यात फोनमध्ये मागून दादाच्या खोकण्याचा आवाज आला. किती वर्षांनी ऐकला. तो तिथंच होता, त्याच खोलीत.

"हो," मी म्हणाले. "बाबांचं ऐक. घेऊ नको."

"बरं," श्रेयस म्हणाला. थोडा हिरमुसला असावा.

मागून दादानं विचारलं, "काय म्हणती ती?"

"तुम्ही म्हणता तेच," श्रेयसनं त्याला सांगितलं, आणि फोन ठेवला.